चुलीपाशी कोण होतं?

गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका घरात मोठा टोप होता. एरवी तो माळ्यावर पालथा पडलेला असायचा. खाली उतरवला की मागच्या अंगणात तीन दगड मांडून त्यावर चढायचा, कारण घरातल्या शेगडीवर तो बसतच नसे. टोप उतरलेला दिसला की आम्हा चाळीतल्या पोरांना कळायचं, आज मागच्या दाराशी माणसं येणार. ही १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागेची गोष्ट. रेशनवर लाल मिलो मिळत होता, त्याची भाकरी थापताना आमची आई रोज कुणाला तरी शिव्या घालायची. घाटावरची माणसं गाठोडी घेऊन मुंबईत उतरत होती. त्यांतली काही चर्नी रोडच्या बाजूने भटकत वाडीपर्यंत यायची.

त्या घरच्या बाईला आम्ही आंटी म्हणत असू. ईस्ट इंडियन ख्रिस्ती बाई, बोलणं अस्सल मराठी, पण वळण आमच्यापेक्षा वेगळं. दारात आलेल्याला ती एवढंच म्हणायची, "आयलास? बस." मीही असाच एकदा पोरांबरोबर घुटमळत होतो, तर मलाही तेच म्हणाली. आलेला माणूस भुकेला आहे की नुसता हावरट, याची चौकशी तिने कधी केली नाही. भात, त्यावर सुक्या जवळ्याचं कालवण, असेल तर कांदा.

गिरगावातल्या ख्रिस्ती घरांच्या अन्नदानाचा मागोवा घ्यायचं ठरवलं तेव्हा सुरुवातीला मला नावं भराभर सापडत गेली. संस्थांची, पाद्र्यांची, डॉक्टरांची, देणगीदारांची. टोप चढवणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. मलाही ते ठाऊक नाही. ती 'आंटी' होती आणि कागदोपत्री कुणाची तरी बायको.

वाडीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो दादोबा वामन खोत पाठारे प्रभू होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि त्यांवर लाकडी जिन्यांची, पुढे ओटी असलेली घरं उभी राहिली. या घरांची एक गंमत आहे. त्यांची ओटी निम्मी घरात असते, निम्मी रस्त्यावर. चाळीत भिकारी जिन्याखाली थांबतो आणि वरून कुणीतरी नाणं टाकतं. वाडीत तो सरळ माणसाच्या समोर येऊन उभा राहतो. तोंड फिरवायला जागाच नाही. एकेकाळी अशी साठ-पासष्ट घरं होती असं सांगतात. आता तिसाच्या आतच उरलीत.

'ईस्ट इंडियन' हे नाव या समाजाने १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात घेतलं. मुंबईत नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथलेच, हे कंपनी सरकारच्या जुन्या चाकरीची आठवण देऊन इंग्रजांना सांगायचं होतं. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीत प्लेग आला. तो ओळखला एका गोव्याच्याच डॉक्टरने. डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा आजही धोबी तलावाला, मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. लोक शहर सोडून पळाले, कामं थांबली, बाजार ओस पडले. मुंबईतल्या जुन्या गावठाणांमधले कितीतरी क्रूस त्या वर्षांतले आहेत, कुणी नवस म्हणून उभारले, कुणी वाचलो म्हणून. क्रूसापाशी लादाइन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, म्हणायची आणि मग जमलेल्यांना उकडलेले चणे वाटायचे, ही रीत पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. चणे आदल्या रात्री कोण भिजत घालतं, हे क्रूसावर कोरलेलं नसतं.

वाडीपासून चौपाटी चालत दहा-पंधरा मिनिटं. तिथेच ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेलं. रमाबाई प्रोटेस्टंट, वाडी कॅथलिक. एरवी दोघींचा संबंध जोडायचं कारण नाही. पण भुकेची गोष्ट मराठी ख्रिस्ती घरात काय होती हे सांगायचं तर रमाबाईंना वगळून पुढे जाता येत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, मग आई आणि नंतर बहीण गेली. पुराण सांगत, उपाशीपोटी, दक्षिणेतून उत्तरेकडे चालत राहिलेलं ते कुटुंब होतं. म्हणून १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातला दुष्काळ पाहायला त्या निघाल्या तेव्हा त्यांना भूक वर्तमानपत्रात वाचून समजून घ्यावी लागली नाही. तिथून त्यांनी मुली आणल्या. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतावर नेल्या. तेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार माणसांचं दोन वेळचं जेवण! हा आकडा पुस्तकात वाचताना पटकन पुढे सरकतो, पण एकदा पन्नास माणसांचा भात लावून पाहावा.

या कामावर टीका झाली, ती सांगितलीच पाहिजे. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ताकडे वळवलं जातं, या कारणावरून १८९३ मध्ये 'केसरी'ने झोड उठवली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. भाकरीच्या बदल्यात धर्म, हा संशय महाराष्ट्रात ख्रिस्ती अन्नदानाच्या मागे कायम लागलेला आहे. काही ठिकाणी तो खराही होता, असं मला वाटतं. दुष्काळातल्या अनाथ मुलाला निवड कसली? पण रमाबाईंच्या बाबतीत मी हिशेब वेगळा मांडतो: ज्यांनी टीका केली त्यांच्यापैकी कुणी त्या मुली आपल्या पंक्तीला घेतल्या नव्हत्या. वाडीपुरता तर हा प्रश्नच नव्हता. आंटीने आम्हाला जवळ्याचं कालवण वाढलं, पण जपमाळ कधी दाखवली नाही. आमची आई मात्र सोमवारी जवळा खाल्ला म्हणून मला बडवायची, ते वेगळं.

दुसरं मराठी ख्रिस्ती घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं; त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईतच झाला. टिळक हात सैल असलेले. घरात विद्यार्थी, पाहुणे, अनाथ पोरं यांचा राबता. त्यांच्या मोठेपणाविषयी शंका नाही, पण तो मोठेपणा निस्तरला कुणी? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या आत्मचरित्राचा, 'स्मृतिचित्रे'चा, पहिला भाग १९३४ साली आला म्हणून आपल्याला हे कळलं तरी. नवऱ्याने घरी आणलेल्या माणसांना घालायचं काय, ही चिंता कुणा मराठी बाईने इतक्या हसत, इतके चिमटे काढत लिहिली नव्हती. मला राहून राहून वाटतं, लक्ष्मीबाईंनी लिहिलं नसतं तर टिळकांच्या चरित्रात ती सगळी जेवणं 'त्यांच्या उदारपणा'च्या खात्यावरच जमा झाली असती.

कॅथलिकांकडे घरोघरी जाऊन मदत करणारी जुनी संस्था म्हणजे संत व्हिन्सेंट दी पॉल यांच्या नावाची सोसायटी. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह १८३३ साली पॅरिसमध्ये ती काढली. मुंबईतल्या चर्चच्या परिसरांमध्ये तिच्या शाखा आहेत. सभासद दोघा-दोघांनी गरिबाच्या घरी जातात. पैसे पाठवून मोकळं व्हायचं नाही, घरात जाऊन बसायचं, हा नियम. त्यांच्या बैठकीतली एक पद्धत मला फार आवडते. शेवटी एक थैली फिरते, प्रत्येकजण मूठ आत घालतो. मुठीत शंभराची नोट होती की काहीच नव्हतं, शेजाऱ्याला कळत नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये, ते असं. पण याच संस्थेत बायकांची शाखा बराच काळ वेगळी होती. बोलोन्यात १८५६ साली सुरू झालेली बायकांची सोसायटी मूळ संस्थेत सामील झाली ती १९६७ मध्ये. म्हणजे एकशे चौतीस वर्षं थैली पुरुषांमध्ये फिरली.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी 'भिकाऱ्यांचं जेवण' घालतात, ते गिरगाव-धोबी तलावच्या गोवेकरांना चांगलं माहीत आहे. घरातल्या मेलेल्यांच्या नावाने गरिबांना बोलावतात, पानावर बसवतात, वाढतात. सामाराची कढी असते, गोडाला वोण असतं. जेवून ते मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात आणि मगच लग्नघरचं पुढचं कार्य. मला यातला व्यवहार आवडतो. इथे भिकारी उपकाराखाली नाही. त्याच्याकडूनही काहीतरी हवं आहे आणि ते तोच देऊ शकतो. आपल्या श्राद्धाच्या पानाला कावळ्याची वाट पाहतात, त्याच्याशी याचं नातं लांबचं नसावं.

१९६४ साल मुंबईच्या कॅथलिकांच्या आठवणीत ठळक आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय युकॅरिस्ट परिषदेसाठी पोप सहावे पॉल आले. यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, पहिले भारतीय कार्डिनल. देशात धान्याची ओढाताण चालू होती. पुढच्याच वर्षी लालबहादूर शास्त्रींना आठवड्यातलं एक जेवण सोडा असं लोकांना सांगावं लागलं. पोपने मुंबईत पत्रकारांमार्फत जगाला आवाहन केलं, की शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग भुकेल्यांसाठी बाजूला काढा. १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी मुंबईतल्या या आवाहनाची पुन्हा आठवण दिली. राष्ट्रांनी ते किती ऐकलं हे आपण पाहतोच आहोत. जाताना त्यांनी आपली भेट मिळालेली मोटार मदर तेरेसांना दिली. मदरने तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी पैसे उभे केले. पोपच्या सगळ्या भेटीतली मला सर्वांत समजणारी गोष्ट हीच.

मदरच्या सिस्टर्सचं भायखळ्याचं आशादान १९७६ पासूनचं. जागा हिंदुस्थान लिव्हरने दिली. इथे टाकून दिलेली मुलं, निराधार, आजारी माणसं राहतात आणि मुंबईतली ख्रिस्ती कुटुंबं वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्धाची मिस्सा अशा निमित्ताने जेवण देतात. याच सुमारास, १९७५ मध्ये, गिरणगावात प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. ख्रिस्ती नाही, दानही नाही. गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, सुरुवात चौदा बायकांपासून. तरी मी ते इथे मुद्दाम आणतो, कारण रांधणाऱ्या बाईचं नाव खातेवहीत लागलं ते तिथे. आमच्या सगळ्या धर्मांच्या दानशूरांना ते सुचलं नव्हतं.

मधली वर्षं भराभर गेली. वाडीतलं अनंताश्रम बंद झालं. ते काही धर्मादाय नव्हतं, पण गिरगावच्या एकट्या कारकुनांना ताजं मासळीचं ताट घालत होतं, आणि मालकांचा खेकसण्याचा वाटा वर फुकट. घरं विकली गेली, टॉवर उठले. टॉवरच्या खाली रखवालदार असतो. भुकेला माणूस आता वरपर्यंत पोचत नाही. त्याच्याऐवजी पैसे जातात, मोबाइलवरून. मी स्वतःही तेच करतो, तेव्हा नाक वर करून बोलण्याचा मला अधिकार नाही.

मग मार्च २०२० आला. टाळेबंदीत 'खाना चाहिये'सारखे गट काही दिवसांत उभे राहिले, बंद पडलेल्या हॉटेलांच्या भटारखान्यांतून हायवेवरच्या मजुरांपर्यंत डबे गेले. चर्चच्या आवारांतून तांदूळ-डाळीची पाकिटं बांधली गेली. त्यात सगळ्या जातीधर्माची पोरं होती आणि त्यांना कुणी कोण म्हणून विचारलं नाही. फोटो भरपूर निघाले. फोटोत पाकीट देणारा असतो आणि घेणारा असतो. घेणाऱ्याचा चेहरा कशाला दाखवायचा, हे मला आजही कळत नाही.

आंटी मी कॉलेजात असताना गेली. मुलगे परदेशी, घर विकलं. बाटली मसाला मात्र तिच्या हातचा बरीच वर्षं आमच्याकडे होता. उन्हाळ्यात कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला, शेवटची बाटली आईने जपून जपून संपवली. टोपाचं काय झालं, विचारायचं राहून गेलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोक आगेरा साजरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. गिरगावात भाताचं शेत उरलेलं नाही, लोंब्या बाहेरून येतात. वाचकांपैकी कुणाच्या घरात, वाडीत किंवा वसईत, अशी एखादी म्हातारी अजून असेल तर या आगेऱ्याला तिला दोन गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा: तिचं माहेरचं नाव, आणि पन्नास माणसांच्या भाताला ती किती तांदूळ घेत असे.