काथ्या आणि टॉर्च

"वहिनी, पिंपावरचं झाकण काढता का जरा?" आशाताईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. मागे आरोग्यसेवक भाऊ, हातात टॉर्च. गल्लीत तिघांना डेंग्यू निघाला, तेव्हा या दोघांबरोबर मीही घरोघर फिरायला निघाले. मराठवाड्यातल्या आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे मोरीपासून माळ्यापर्यंत सगळीकडे साठवण. 'पाणी साठवू नका' हे इथे कुणाला सांगणार?

उजेड पडताच अळ्या वळवळत तळाला गेल्या. "थांबा, श्वास घ्यायला वर येतीलच," भाऊ म्हणाले. आल्याही. शेपटीकडची नळी पाण्याच्या वरच्या थराला लावून, डोकं खाली करून तिरप्या लटकल्या. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते, हा फरक त्यांनी मला तिथेच दाखवला.

वहिनी खट्टू झाल्या. "मी तर दर पाण्याला पिंप विसळून घेते हो."

विसळण्यातच गोम आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर कडेला. काळ्या बारीक ठिपक्यांसारखी ही अंडी तिथेच चिकटून राहतात. पिंप महिनोन्‌महिने कोरडं पडलं तरी ती तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्या नळाची पाळीही नेमकी तेवढीच! आशाताईंनी काथ्या घेतला, बाही वर सारली आणि पिंपाची आतली कड गोल फिरून खसाखसा घासली. पिंपातलं अळ्यांचं पाणी गटारात न सोडता अंगणातल्या कोरड्या मातीवर ओतलं. उपसता न येणाऱ्या हौदात भाऊंनी गप्पी मासे सोडले.

"धुराची गाडी कधी येणार?" हा प्रश्न दर दारात. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळीला काही होत नाही. मला विचाराल तर गावाने गाडीइतकाच आग्रह काथ्याचा धरावा.

शेवटच्या घरात बारा वर्षांचा आजारी मुलगा. ताप उतरल्याने घरचे निर्धास्त होते. आशाताई मात्र त्याच्या उशाशी बसल्या. पोट दुखतं का, उलट्या थांबल्या का, हिरड्यांतून रक्त येतं का, लघवी किती वेळा झाली? डेंग्यूत ताप उतरतानाच जीव धोक्यात येऊ शकतो. पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, रक्त, कमी लघवी, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा. तापावर पॅरासिटामॉलच; ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. आणि हा डास दिवसा चावतो, म्हणून पोराला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायला त्यांनी बजावलं. त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला डेंग्यू देतो.

तेवढ्यात गल्लीत हाक उठली, "पाणी आलं!" बायका नळ्या घेऊन धावल्या. आशाताईंनी वही काखेत मारली.

"वहिनी, नळी नंतर! आधी काथ्या!"