स्पॅनिशचा वर्ग निवडताना

गेल्या वर्षी आमच्या मुलीने पदव्युत्तर शिक्षणासाठी स्पेनला जायचे ठरवले. तिला हवा असलेला अभ्यासक्रम स्पॅनिशमधून शिकवला जाणारा, त्यामुळे प्रवेशासाठी बी-२ पातळीचा दाखला आवश्यक होता. ‘तीन महिन्यांत अस्खलित स्पॅनिश’ अशी एका वर्गाची जाहिरात दिसली. एकरकमी पैसे भरल्यास फीमध्ये सवलतही होती. आम्ही भुललो आणि पैसे भरले. तीन महिन्यांनी वर्गाने स्वतःचे सुबक प्रमाणपत्र दिले, पण विद्यापीठाने ते मानले नाही. प्रवेश एक वर्ष पुढे गेला. पैशांपेक्षा त्या वर्षाची हळहळ अधिक वाटते. आपल्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

आधी तासांचा हिशेब पाहू. युरोपीय पद्धतीनुसार भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामकाजापुरती स्पॅनिश यायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास धरते. आमचा वर्ग आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास भरत असे. म्हणजे तेरा आठवड्यांत अवघे ३९ तास! हा साधा गुणाकार पैसे भरण्याआधी केला असता, तर जाहिरातीचा फोलपणा तेव्हाच लक्षात आला असता.

दुसरा मुद्दा दाखल्याचा. स्पेनच्या शिक्षण खात्याच्या वतीने ‘इन्स्टिट्यूटो सर्व्हांटेस’ ही संस्था ‘देले’ परीक्षेची पदविका देते. ती कायम ग्राह्य असते. ‘सिएले’ ही संगणकावरची परीक्षा २०१६ साली सुरू झाली. तिचा दाखला पाच वर्षे चालतो. शिकवणारी संस्था वेगळी आणि परीक्षा घेणारी वेगळी असू शकते. तेव्हा ज्या विद्यापीठाला किंवा कचेरीला दाखला द्यायचा, तिथेच कोणता दाखला चालेल ते आधी लेखी विचारावे. ‘देले’ ठराविक तारखांनाच होते आणि नावनोंदणी बरीच आधी बंद होते, हेही ध्यानात ठेवावे. केवळ सहलीसाठी शिकायचे असेल, तर मात्र परीक्षेचा खर्च करण्याचे कारण नाही.

आता पैशांकडे वळू. समजा, एक वर्ग ४५ मिनिटांच्या २० तासिकांसाठी ९०० दिरहॅम घेतो आणि दुसरा दीड तासाच्या २० तासिकांसाठी १,५०० दिरहॅम. पहिला स्वस्त वाटतो, पण तो तासाला ६० दिरहॅम पडतो आणि दुसरा ५०. त्यावर पुस्तके, परीक्षा फी आणि २०१८ पासून लागू झालेला पाच टक्के व्हॅट धरला आहे का, ते विचारावे. एका वर्गात किती विद्यार्थी आहेत हेही महत्त्वाचे. वीस जणांच्या वर्गात तासाभरात आपल्या वाट्याला बोलायला दोन-तीन मिनिटेच येतात.

फी भरण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. दुबईतील संस्थेकडे केएचडीएची परवानगी आहे का? आपल्याला शारजा हाकेच्या अंतरावर असले, तरी तिथल्या संस्थांना शारजाची परवानगी लागते.

२. एक तासिका बसून पाहता येईल का?

३. शिक्षक मध्येच सोडून गेले किंवा आपली बदली झाली, तर उरलेले पैसे परत मिळतील का? उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

४. फी हप्त्याने भरता येईल का? सवलतीसाठी वर्षाची रक्कम एकदम देऊ नये.

प्रकृतीचाही विचार हवाच. अल कुसैसहून नॉलेज पार्कच्या बाजूला जायचे, तर ग्रीन लाइनने निघून युनियन किंवा बुर्जुमानला रेड लाइन धरावी लागते. एका बाजूलाच तासाच्या वर वेळ जातो. दिवसभर ड्युटी, मग वर्ग, रात्री उशिरा जेवण आणि अपुरी झोप, हे महिनोन्महिने झेपत नाही. अशांनी घराजवळचा वर्ग, सुट्टीच्या दिवसाची सकाळ किंवा घरबसल्या संगणकावरचा वर्ग निवडावा. रोज अर्धा तास सराव केल्यास आठवड्यातून एकदाच चार तास बसण्यापेक्षा भाषा चांगली मुरते.

मराठी माणसाला ही भाषा तशी परकी वाटू नये. त, द हे उच्चार आपल्यासारखेच दंत्य आहेत. आपल्याकडे तीन लिंगे, त्यांच्याकडे दोनच! इंग्रजीतून शिकणारे ‘मे गुस्ता’पाशी अडखळतात, पण ते आपले सरळ ‘मला आवडते’ आहे. वस्तू अनेक झाल्या की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तसे तिथे ‘गुस्तान’ होते. त्यांचा ‘आसुकार’ अरबी ‘सुक्कर’वरून आला. तो शब्द इथल्या दुकानात आपण रोज वाचतो आणि घरी त्यालाच साखर म्हणतो.

आमची मुलगी आता दुसऱ्या, लहानशा वर्गात जाते. बी-१ पूर्ण झाले असून ‘देले’ची तारीख तिने भिंतीवर लिहून ठेवली आहे. या वेळी मात्र फी भरण्याआधी आम्ही तिघेही कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो होतो.