गोल आटले कुठे?
खेळ समजून घेताना : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण गुणतालिका वाचायला शिकलो. या आठवड्यात तीच तालिका समोर ठेवून एका व्यावसायिक संघाची तपासणी करू. नव्या हंगामाआधी संघानं काय सुधारावं, हा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेलं असतं : एक चांगला स्ट्रायकर आणा. हे उत्तर बहुतेक वेळा अपुरं असतं. का, ते समजून घ्यायला उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि तेव्हापासून इंडियन सुपर लीगमध्ये महाराष्ट्राचा एकच संघ उरला, तो म्हणजे मुंबई सिटी एफसी.

तीन हंगामांचा ताळेबंद

२०२२-२३ मध्ये मुंबईनं साखळी फेरीत २० सामन्यांत ५४ गोल केले आणि ४६ गुणांसह, साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड जिंकली. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ४२ गोल आणि ४७ गुण झाले. त्या वर्षी शील्ड एका गुणानं हुकली, पण ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ असं हरवून मुंबईनं बाद फेरीनंतर मिळणारा करंडक उचलला. पुढच्याच हंगामात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, २४ सामन्यांत फक्त २९ गोल झाले. ३६ गुण, सहावा क्रमांक, आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बंगळुरूकडून ०-५ असा पराभव.

आता सरासरी काढू. दर सामन्याला २.७ गोल, मग १.९, मग १.२. दोन वर्षांत गोल निम्म्याहून कमी झाले. बचावाचं काय? अंगावर गोल बसले अनुक्रमे २१, १९ आणि २८, म्हणजे सामन्याला साधारण एक. बचाव थोडा सैल झाला, ढासळला नाही. खरी पडझड गोल करण्यात झाली.

आणखी एक आकडा बघा. २०२२-२३ मध्ये मुंबईचे चार सामने बरोबरीत सुटले होते, २०२४-२५ मध्ये नऊ. बरोबरीला एक गुण, विजयाला तीन. त्या नवांपैकी तीन सामने जरी जिंकले असते, तरी सहा गुण वाढून बेरीज ४२ झाली असती. त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला ३८ गुण होते. म्हणजे सहाव्यावरून तिसऱ्या स्थानावर जायला अख्ख्या हंगामात, योग्य वेळी झालेले तीन जादा गोलही पुरले असते.

चेंडू स्ट्रायकरपर्यंत पोचतो कसा

मग गोल करणाऱ्यालाच बदला, असं वाटणं साहजिक आहे. पण २०२४-२५ मध्ये ग्रीसचा निकोस कारेलिस आघाडीला होता आणि तो त्याचं काम चोख करत होता. संघाकडून सर्वाधिक गोल त्याचेच. अडचण त्याच्या मागे होती.

गोलाच्या आधी साधारण चार कामं होतात. कुणी तरी चेंडू हिसकावतो. दुसरा तो प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या फळीच्या पलीकडे सरकवतो. तिसरा बगलेतून वेगानं पुढे नेतो. चौथा जाळ्यात टाकतो. टीव्हीवर आपल्याला चौथा दिसतो, कारण कॅमेरा त्याच्यावर थांबतो. शेतकऱ्याला हे निराळं सांगायला नको : विहिरीला पाणी भरपूर आहे, शेवटचा वाफाही तयार आहे, पण मधे पाट फुटला तर वाफा कोरडाच राहतो.

मुंबईचा पाट एका दिवसात फुटला नाही. मधल्या फळीतून सामन्याची गती ठरवणारा मोरोक्कोचा अहमद जाहू २०२३ मध्ये ओडिशाकडे गेला. बचाव आणि आघाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत खेळणारा स्कॉटलंडचा ग्रेग स्ट्युअर्ट २०२४ च्या सुरुवातीला गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चेंडू हिसकावण्यात आणि पुढे देण्यात तरबेज असलेला अपुइया मोहन बागानला मिळाला. अल्बेर्तो नोगुएरा, स्ट्रायकर होर्हे पेरेरा दियाझ आणि करंडक उचलणारा मुंबईकर कर्णधार राहुल भेके हे तिघं एकाच उन्हाळ्यात बंगळुरूला गेले. पुढे त्याच बंगळुरूनं मुंबईला पाच गोलांनी हरवलं, आणि पाचवा गोल दियाझचा होता.

प्रत्येक जागी नवा खेळाडू आला, त्यांतले काही चांगलेही होते. पण मधल्या फळीत नुसती गुणवत्ता पुरत नाही. उजव्या बगलेत खेळणारा छांगटे कधी धाव घेईल आणि तेव्हा त्याला चेंडू पायात हवा की पुढे मोकळ्या जागेत, हे पास देणाऱ्याला न बघता कळावं लागतं. ही समज एकत्र खेळण्यातूनच येते. दोन वर्षांत मधली फळी जवळजवळ सगळी बदलली, की ही समज दर वेळी पहिल्यापासून उभी करावी लागते.

काय सुधारायला हवं

पहिली सुधारणा म्हणजे सातत्य. त्या काळात संघाला सहा परदेशी खेळाडू ठेवता येत आणि मैदानात एका वेळी चारच उतरवता येत. म्हणजे अकरांत किमान सात भारतीय. परदेशी खेळाडू वर्षा-दोन वर्षांनी बदलणारच, म्हणून मधल्या फळीचा कणा भारतीय हवा आणि त्याच्याशी करार लांब मुदतीचा हवा. अपुइयाचं जाणं हे दियाझच्या जाण्यापेक्षा मोठं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी सुधारणा कॉर्नर आणि फ्री किकची. चालत्या खेळात गोल होत नसतील तेव्हा थांबलेल्या चेंडूवर ते काढावे लागतात. २०२४-२५ ची शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस हा बचावपटू, तरी त्याच्या नावावर त्या हंगामात सहा गोल आहेत. बचावपटू गोल करू लागले की अडकलेले सामने सुटतात, नऊ बरोबऱ्यांच्या पाच होतात. यासाठी नवा खेळाडू विकत घ्यावा लागत नाही. कोण जवळच्या खांबाकडे धावेल, कोण गोलरक्षकाची वाट अडवेल, कोण बाहेर पडलेला चेंडू ताब्यात घ्यायला थांबेल, हे ठरवून रोज घोटावं लागतं.

तिसरी सुधारणा घरच्या मैदानाची. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईला घरचे सामने अंधेरीतल्या आपल्या नेहमीच्या मैदानावर खेळता आले नाहीत. दोन सामने पुण्याच्या बालेवाडीत झाले आणि अल हिलालविरुद्धचा नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. देशाच्या आर्थिक राजधानीच्या संघाला आशियाई दर्जाचं हक्काचं मैदान नसावं, ही गोष्ट मनाला लागते.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते : हंगाम वेळेवर सुरू होण्याची खात्री. भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा करार केला होता आणि लीग त्याच्याच आधारावर चालत होती. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे आधीपासून ठाऊक असूनही पुढची व्यवस्था वेळेत झाली नाही. जुलै २०२५ मध्ये लीग स्थगित झाली आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. ज्या खेळाडूला पहिला सामना कधी हेच माहीत नाही, त्याच्या तंदुरुस्तीचं वेळापत्रक कुठलाही प्रशिक्षक आखू शकत नाही. सातत्य संघात हवं, तसंच ते महासंघाच्या कारभारातही हवं.

वाशिम आणि मिझोराम

वाशिमच्या वाचकानं या सगळ्याची दखल का घ्यावी? वर आलेले छांगटे आणि अपुइया हे दोघेही मिझोरामचे. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरामची लोकसंख्या सुमारे १० लाख ९७ हजार, तर वाशिम जिल्ह्याची सुमारे ११ लाख ९७ हजार. आपला एक जिल्हा त्या अख्ख्या राज्यापेक्षा लाखभर माणसांनी मोठा आहे. तरीही मिझो खेळाडू देशातल्या मोठ्या क्लबांमध्ये दिसतात. २०१६-१७ मध्ये ऐझॉल एफसीनं आय-लीग जिंकली, तेव्हा ईशान्य भारतात प्रथमच राष्ट्रीय लीगचं विजेतेपद गेलं. २०१२ मध्ये सुरू झालेली मिझोराम प्रीमियर लीग त्यामागे होती. म्हणजे खेळाडूंना दर हंगामात ठरलेले सामने मिळत होते.

आपल्याकडचं चित्र कोणत्याही तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर पाहता येईल. जमीन काळी. मे महिन्यात तिला भेगा पडतात, जुलैत चिखल होतो. दहा मीटरवरून जमिनीलगत दिलेला पास मधेच अडतो, नाही तर ढेकळावर आपटून गुडघ्याइतका उसळतो. मुलाची नजर पूर्ण वेळ चेंडूवर खिळलेली असते, कारण तो कुठे वळेल याचा भरवसा नसतो. मान वर करून साथीदार कुठे आहे ते पाहायला त्याला उसंत मिळत नाही. मग तो सगळ्यात सुरक्षित उपाय करतो आणि चेंडू जोरात पुढे भिरकावतो. पुढे उंच, दांडगा मुलगा असला तर शाळा जिंकते. मधल्या फळीचा खेळाडू घडतो तो मान वर करण्याच्या सवयीतून, आणि ती सवय या जमिनीवर लागत नाही. मुंबईला हवा असलेला भारतीय कणा इथे बाराव्या वर्षीच हरवतो.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र मिशन वन मिलियनमध्ये राज्यभरातली मुलं एका दिवशी फुटबॉल खेळली आणि शाळांना चेंडूही मिळाले. सुरुवात चांगली होती, पण एका दिवसानं खेळाडू घडत नाही. मैदानाचा एखादा पट्टा, अर्ध्या फुटबॉल मैदानाएवढा का होईना, मुरूम टाकून, निचऱ्याचा उतार काढून, वर गवत लावून तयार करणं हे शाळा, ग्रामपंचायत आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांनी मिळून मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. पाच-पाच जणांचे छोटे सामने तेवढ्यात होतात, आणि लहान जागेत प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो.

शालेय फुटबॉलमध्ये सुब्रतो मुखर्जी करंडकाची वाट जिल्हा, मग अमरावती विभाग आणि पुढे राज्य अशी जाते. आपले बहुतेक संघ स्पर्धा तोंडावर आल्यावर गोळा होतात आणि हरले की पांगतात. क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : तेच पंधरा-सोळा विद्यार्थी वर्षभर एकत्र ठेवा, दर शनिवारी शेजारच्या शाळेशी सामना लावा आणि मधल्या फळीतली जोडी दोन वर्षं बदलू नका. मुंबई सिटीला जे कोट्यवधी खर्चूनही टिकवता आलं नाही, ते सातत्य रिसोडच्या किंवा मंगरूळपीरच्या शाळेला जवळजवळ फुकटात मिळू शकतं.

(पुढील आठवड्यात : तालमींच्या कोल्हापुरानं फुटबॉल कसा आपलासा केला)