खोडदची दुर्बीण आणि शेजारचं कॉलेज

नारायणगावच्या एसटी स्टँडवर 'जीएमआरटी कुठे आहे?' असं विचारलं तर एखादा विचारात पडेल. 'दुर्बीण' म्हणा, शेंगदाणे विकणारा पोरगाही खोडदच्या दिशेला हात करतो. दुर्बीण म्हणजे नळी, असं पुस्तकात शिकलेल्याला तिथे नळी कुठेच सापडत नाही, कारण ही रेडिओ दुर्बीण. दिसतात त्या कांद्या-टोमॅटोच्या वावरांमधून डोकं वर काढलेल्या, तारेच्या जाळीच्या अवाढव्य परड्या. एकेकीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा ३०.

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारशेजारच्या तालुक्यांना असल्या यंत्रांची नवलाई राहिलेली नाही. १९७१ साली आर्वी, नव्वदच्या दशकात खोडद, २००६ साली गिरवली. पस्तीस वर्षांत तीनदा देशातलं अव्वल तंत्रज्ञान इथल्या डोंगरांच्या आडोशाला येऊन बसलं. त्याच काळात इथल्या कॉलेजांत काय चाललं होतं? सर नोट्स सांगत होते आणि पोरं उतरवून घेत होती. वावरातलं यंत्र आणि वर्गातला फळा यांच्यातलं अंतर कधी, कशानं कमी झालं, हे मागे वळून पाहिलं तर उत्तर यंत्रांच्या आकारात सापडत नाही.

आर्वीचं विक्रम भू-केंद्र २६ फेब्रुवारी १९७१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झालं. उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणारं हे देशातलं पहिलं व्यावसायिक केंद्र. जागा निवडली ती भोवतीच्या डोंगरांमुळे, कारण बाहेरच्या लहरींचा गोंगाट डोंगर अडवतात. केंद्र आपल्याच इंजिनिअरांनी बांधावं म्हणून विक्रम साराभाईंनी आपलं सगळं वजन खर्ची घातलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले, आणि केंद्राला त्यांचं नाव लाभलं. आर्वीच्या तबकडीवरून लंडनशी बोलता येत होतं. जुन्नरहून पुण्याला बोलायचं तर मात्र ट्रंक कॉल लावून पोस्टात ताटकळावं लागे. जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय याच सुमारास उभं राहिलं. तिथल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या लेखी आर्वी म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारी पांढरी छत्री. कुंपणाच्या आत काय चालतं हा त्याच्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हता.

उपग्रहावरून शिकवायचा पहिला मोठा प्रयोग झाला, पण तो महाराष्ट्राला वगळून. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट टीव्हीचे कार्यक्रम पोचले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल त्यामागे होते. गावोगाव लावलेल्या त्या तबकड्या चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. ही जाळी लक्षात ठेवावी, पुढे ती खोडदला वेगळ्या रूपात भेटते.

कॉलेजांची पाळी १९८४ च्या स्वातंत्र्यदिनी आली. इन्सॅट-१ बी च्या आधारानं विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठातच होतं. कार्यक्रम मेहनतीनं केलेले असत, तरी मराठी माध्यमातून बारावी होऊन आलेल्या मुलाला त्यातलं इंग्रजी झेपत नसे. शिवाय वेळ दुपारची, म्हणजे हा मुलगा एक तर तासाला नाहीतर शेतात. त्यातून टीव्हीसमोर बसलाच तर दिव्यांचा भरवसा नाही. हा वर्ग देशभर पोचला हे खरं, पण समोरच्यानं हात वर केला तर तो कुणाला दिसणार नव्हता.

माझ्या मते या सगळ्या काळातली खरी नवी शिकवण्याची पद्धत आली ती कुठल्याच तबकडीवाचून. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, त्यामुळे तासावर तास घेणारी कॉलेजं त्यांनी आतून पाहिलेली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आज गुळगुळीत वाटतं. पण कॉलेज अर्ध्यावर सोडलेला पोस्टमन, बाजार समितीत तोलाईचं काम करणारा, लग्न होऊन आलेली आणि बारावीवर थांबलेली सून, यांच्या हातात पदवीचं मराठी पुस्तक पहिल्यांदा पडलं. आणि ते पुस्तक वाचणाऱ्याशी बोलत होतं. दर थोड्या पानांनी प्रश्न, मग उत्तर तपासायची सोय. शिक्षक पुस्तकातच बसवलेला. साधनं म्हणाल तर छापील कागद, पोस्ट आणि रविवारची संपर्कसत्रं. नवीनपणा पाहायला गेलो की आपली नजर आधी विजेच्या वायरीकडे जाते, म्हणून हे सहसा कुणाच्या यादीत नसतं.

ताकवल्यांचीच प्रेरणा असलेली एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, २००१ साली निघाली आणि पाठोपाठ संगणक शिकवणारा एमएस-सीआयटी कोर्स आला. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा, जिथे झेरॉक्सचं दुकान तिथे एक केंद्र. 'एमएससीआयटी केलं का?' हा प्रश्न सोयरिकीच्या बैठकीतही ऐकू येऊ लागला. कोर्सची थट्टा पुष्कळ झाली. पण माउसवर पहिल्यांदा हात ठेवताना दचकलेली शेकडो माणसं त्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून बाहेर पडली, हे विसरून चालणार नाही.

आता खोडद. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९७० साली उटीला रेडिओ दुर्बीण उभारली होती, त्याहून कितीतरी मोठं त्यांना हवं होतं आणि पैसे बेताचे होते. तोडगा त्यांनी लहरींच्या लांबीतच शोधला. ज्या लहरी ऐकायच्या त्या मीटरच्या हिशेबातल्या, म्हणजे तबकडीला अखंड पत्रा लागतच नाही. लहरीपेक्षा भोकं बरीच लहान असली की जाळीही आरशासारखं काम करते. मग पोलादी दोरांच्या सांगाड्यावर बारीक तारेची जाळी ताणली. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्च घटतो. १४ तबकड्या खोडदच्या मध्यात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, अशी ही मांडणी सुमारे २५ किलोमीटरभर पसरली. प्रत्येकीचा संदेश फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि दुसऱ्या प्रत्येकीच्या संदेशाशी ताडून पाहिला जातो. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. त्या जोड्यांमधून आकाशाचं चित्र असं काही जुळतं, जणू एवढ्या सगळ्या मुलखावर एकच तबकडी पसरली आहे. २००१ च्या ऑक्टोबरात ती जगभरच्या शास्त्रज्ञांना रीतसर खुली झाली.

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातला व्यतिकरणाचा धडा याहून मोठ्या आकारात कुठे पाहायला मिळेल? तरीही कित्येक वर्षं तो धडा नारायणगाव-मंचरच्या वर्गांत दोन फटींच्या आकृतीवरच संपत होता. हा दोष एकट्या प्राध्यापकांचा नव्हे. संशोधन एका कुंपणात आणि अध्यापन दुसऱ्या, ही आपली जुनी वाटणी. ती मोडावी असं खुद्द स्वरूपांनाच वाटत होतं. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. भिडे यांच्यासह त्यांनी बारावीनंतरच्या सलग विज्ञान-शिक्षणाचा आराखडा मांडला होता. ज्यानं शोध लावायचे त्यानंच पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचं, असा त्याचा आशय. २००६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या आयसर या विज्ञान-शिक्षण संस्थेची मुळं तिथवर जातात.

त्याच वर्षी १३ मे रोजी आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र केंद्राची दोन मीटर आरशाची दुर्बीण खगोलशास्त्रज्ञांच्या हवाली झाली. हस्ते यशपाल. जाळीच्या तबकड्यांवरून खेड्यांना टीव्ही दाखवणारे तेच. १९८८ साली आयुका जन्मली तेव्हा अनुदान आयोगाचे अध्यक्षही तेच होते. मोठं उपकरण एका संस्थेनं सांभाळायचं आणि वापरायचं मात्र कुठल्याही विद्यापीठातल्या माणसानं, ही आयुकाची मूळ कल्पना. आयुकाचे पहिले संचालक जयंत नारळीकर यांनी ती कागदावर राहू दिली नाही.

विद्यार्थ्याचा हात यंत्राला लागला तो साधारण यानंतर. २००८ पासून खोडदची दुर्बीण चालवणारी एनसीआरए आणि आयुका मिळून बीएस्सी-बीईच्या मुलांसाठी हिवाळी शाळा भरवू लागल्या. मुलं छोटा अँटेना स्वतः जुळवतात, लहान तबकडीनं आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १,४२० मेगाहर्ट्झची रेघ शोधतात आणि मग खोडदला जातात. रेघ सापडेपर्यंत जो वैताग येतो तोच खरा धडा. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'रॅड अ‍ॅट होम' उपक्रमानं पुढचा अडसर काढला. खोडदच्या दुर्बिणीनं टिपलेल्या चित्रांत विलक्षण दीर्घिका शोधायचं काम घरबसल्या कॉलेजची मुलं करू लागली. लागतं काय, तर एक लॅपटॉप आणि चिकाटी.

आणि ज्याला एवढंही जमत नाही त्याच्यासाठी डीटीएचची जुनी छत्री आहेच. तिला बाजारात मिळणारा सॅटेलाइट फाइंडर जोडायचा आणि ती सूर्याकडे वळवायची. काटा चढतो. सूर्य रेडिओ लहरी सोडतो हे वाक्य शंभरदा पाठ केलेल्या मुलाला काटा चढताना पाहून जे होतं, ते स्मार्ट बोर्डनं होत नाही. स्मार्ट बोर्डाविषयी एक सांगायला हवं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत 'नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धती' असा मथळा असतो आणि त्याखाली बऱ्याचदा खरेदीची बिलं असतात.

इथल्या माणसाचा या दुर्बिणीवर रागही आहे, आणि तो गैरलागू नाही. दुर्बिणीला शांतता लागते. मोटारीची ठिणगी, मोबाइलचा टॉवर, कारखान्याचं यंत्र, सगळंच तिला गोंगाट. म्हणून भोवतालच्या पट्ट्यात उद्योगांना बंधनं आली. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गही तिच्यामुळे बदलायचं ठरलं, तेव्हा 'आम्ही जगासाठी गप्प बसायचं का?' हा सूर दोन्ही तालुक्यांत उमटला. २००९ पासून अवसरीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथून निघालेल्या मुलाला नोकरीसाठी चाकण नाहीतर पुणं गाठावं लागतं. दुर्बिणीनं इथलं जे घेतलं त्याची परतफेड शिक्षणात व्हावी, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही. जगभरचे संशोधक प्रस्ताव पाठवून वेळ मागतात तसा शेजारच्या कॉलेजसाठी वर्षातला एखादा तास बाजूला काढणं अशक्य नसावं.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि अख्खं उच्च शिक्षण मोबाइलमध्ये शिरलं. जुन्नरच्या बाजारपेठेत ते चालून गेलं. पश्चिमेला, नाणेघाट किंवा आहुप्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर मात्र रेंज म्हणजे टेकाडावरची एक ठरावीक जागा. हिरडा गोळा करायला जाणाऱ्या वाटेवर उभं राहून पोरींनी तास ऐकले. आवाज तुटायचा, मग सर व्हॉट्सअ‍ॅपवर नोट्सचे फोटो टाकायचे. म्हणजे पुन्हा उतरवून घेणं आलंच, फक्त फळ्याऐवजी हाताएवढी काच. ऑक्टोबरात पदवीची अंतिम परीक्षाही बहुपर्यायी प्रश्नांवर ऑनलाइन झाली. रेंज जाईल या धास्तीनं काहींनी त्या दिवशी पाहुण्यांचं गाव गाठलं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदचं फाटक सगळ्यांसाठी उघडतं. शाळा-कॉलेजांची प्रदर्शनं लागतात, जीपगाड्या भरभरून माणसं येतात, बाहेर रसवंत्या आणि भेळेच्या गाड्या. कॉलेजच्या मुली आपल्या मॉडेलशेजारी उभ्या राहून बोलून बोलून घसा बसवून घेतात. समोर शेतातून थेट आलेली एखादी आजी विचारते, 'बाई, हिला ऐकू काय येतं गं?' मुलगी क्षणभर अडखळते. उत्तर तिनं इंग्रजीत पाठ केलेलं असतं, ते मराठीत लावायला तिला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात फाटकापाशी पहारेकरी पुन्हा एकदा ओरडून सांगत असतो, मोबाइल बंद करा, सगळ्यांनी मोबाइल बंद करा.