जुनी पट्टा-करवत कशी पारखावी

सुताराची हातकरवत पुढें रेटतांना कापते आणि मागें येतांना रिकामी येते. पट्टा-करवतीचें तसें नाहीं. तिचें दातेरी पोलादी पातें सलग असून वर-खालीं बसविलेल्या दोन चाकांवरून एकाच दिशेनें धांवतें. त्यामुळें त्याचा एकहि फेरा वायां जात नाहीं. कारखान्यांत हिलाच बँडसॉ म्हणतात. लंडनच्या विल्यम न्यूबेरी यानें १८०८ सालीं हिचें पेटंट घेतलें. परंतु पात्याचीं टोकें टिकाऊ रीतीनें सांधतां येईनात, म्हणून ती फारशी उपयोगांत आली नाहीं. १८४६ सालीं क्रेपँ नांवाच्या फ्रेंच स्त्रीनें सांध्याची रीत काढली, तेव्हां हा अडथळा दूर झाला.

मागें एकदां आमच्या एका स्नेह्यांबरोबर आम्ही अशी जुनी करवत पाहावयास गेलों होतों. यंत्रावर नवा हिरवा रंग झळकत होता. आम्ही तर त्यावर भुललोंच. परंतु सोबतच्या वृद्ध मिस्त्रींनीं वरचें चाक उतरवून घेतलें आणि लाकडी हातोडीनें हलकेंच ठोकलें. घंटेसारखा नाद न येतां फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. रंग खरवडतांच आर्‍यापाशीं केसाएवढी भेग दिसली. तें चाक वेगांत असतां फुटलें असतें, तर जवळच्या माणसाची धडगत नव्हती. त्या दिवशीं शिकलेल्या कांहीं खुणा येथें सांगतों.

पहिली खूण नांवाची. बिडाच्या सांगाड्यावर कारखान्याचें नांव व गांव पुष्कळदां ओतलेलें असतें. अमेरिकेंत क्रेसेंट हें नांव ओहायोमधील लीटोनियाचें, तर इंग्लंडांत वॉडकिन हें लेस्टरचें. कांहीं नांवें वयहि सांगतात. येट्स-अमेरिकन ही मंडळी १९२५ सालीं दोन कारखाने एकत्र होऊन बनली. तेव्हां हें नांव असलेलें यंत्र त्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं.

दुसरी खूण पेटंटच्या तारखेची. ही यंत्राची जन्मतारीख नव्हे. यंत्र त्या तारखेनंतरचें आहे, एवढेंच तीवरून ठरतें. पुष्कळ तारखा असल्यास शेवटची धरावी.

तिसरी खूण आंसाच्या बैठकीची. जुन्या यंत्रांत बॅबिट नांवाचा मऊ मिश्रधातु आंसाभोंवतीं ओतीत. पुढें पुढें गोळ्यांचीं बेअरिंगें आलीं. तसेंच एक घट्ट व एक सैल अशा दोन पुल्या शेजारीं असल्या, तर तें यंत्र मुळांत पट्ट्यानें फिरविण्यासाठीं केलेलें होतें व मोटार मागाहून जोडली, असें समजावें.

चौथी गोष्ट मापाची. करवतीचें माप म्हणजे चाकाचा व्यास. पात्याची लांबी काढण्यास दोन्ही चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतराची दुप्पट करून तींत एका चाकाचा परीघ मिळवावा. व्यास ३६ इंच व अंतर ४५ इंच असेल, तर ९० अधिक ११३, म्हणजे सुमारें २०३ इंच. वरचें चाक खालींवर सरकतें, म्हणून तें मधोमध ठेवून मोजावें.

चाकाची रबरी धाव झिजली असली तर नवी बसवितां येते, बॅबिटहि पुन्हां ओततां येतो. परंतु चाकाला भेग असल्यास सौदा सोडून द्यावा. बाजारांत मडकेंसुद्धां आपण वाजवून घेतों. मग जिच्या पात्यापुढें रोज बोटें न्यावयाचीं, ती करवत नुसता रंग पाहून कां घ्यावी?