साठ फुटांचं मैदान

६ जून १९३९ रोजी अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावात लहान मुलांचा बेसबॉलचा एक सामना झाला. एका बाजूला लंडी लंबर, म्हणजे लाकडाची वखार. दुसऱ्या बाजूला लायकॉमिंग डेअरी. वखारीनं डेअरीला २३–८ असं झोडपून काढलं. तिसरा संघ जम्बो प्रेट्झेल कंपनीच्या नावाचा होता. लीग म्हणजे हे तीन संघ, एवढाच पसारा. आज ऐंशीहून जास्त देशांत पसरलेल्या ‘लिटल लीग’ची ही सुरुवात.

विल्यम्सपोर्ट हे सस्क्वेहाना नदीकाठचं गाव. एकोणिसाव्या शतकात नदीतून ओंडके वाहून आणायचे आणि इथल्या करवती गिरण्यांत चिरायचे, या धंद्यावर ते इतकं गबर झालं की गावात लखपतींच्या बंगल्यांची एक आळीच उभी राहिली. पुढे जंगलं संपली आणि पैसाही आटला. १९३० च्या दशकातली मंदी तर सगळ्या देशाला लागलेली. कार्ल स्टॉट्झ हा त्या काळातला, साधी नोकरी करणारा तिशीच्या आतबाहेरचा माणूस. बेसबॉलचं वेड होतं, पण स्वतःला मुलगा नव्हता. १९३८ साली तो अंगणात दोन भाच्यांबरोबर चेंडू झेलाझेली करत होता. चेंडू पकडायला मागे सरकताना लायलॅकच्या छाटलेल्या झुडपाच्या खुंटांवर त्याचा घोटा खरचटला. पाय धरून तो पायरीवर बसला आणि आपल्या लहानपणच्या खेळाचा विचार करू लागला: फुटके चेंडू, पेलवणार नाहीत अशा बॅटी, आणि दादागिरी करून लहानांना बाहेर काढणारी मोठी पोरं. या दोन पोरांना खरा गणवेश, नवा चेंडू आणि झेपेल अशी बॅट मिळाली तर? भाच्यांना त्यानं तसा शब्द देऊन टाकला.

अशा कथा संस्था मोठ्या झाल्यावर जरा जास्तच घासूनपुसून सांगितल्या जातात, त्यामुळे मला त्या झुडपापेक्षा स्टॉट्झनं पुढे केलेलं काम महत्त्वाचं वाटतं. त्यानं गल्लीतली मुलं गोळा केली आणि मैदानावर बेसच्या, म्हणजे धावणाऱ्यानं गाठायच्या टप्प्यांच्या, जागी वर्तमानपत्रं पसरली. मुलानं चेंडू टोलवून धावायचं, दुसऱ्यानं तो अडवून पहिल्या बेसकडे फेकायचा. धावणारा आरामात पोहोचला तर कागद लांब सरकवायचा. चेंडू फारच आधी पोहोचला तर जवळ आणायचा. शेवटी दोन बेसमधलं अंतर ठरलं ६० फूट. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये ते ९० फूट असतं. ६० फुटांवर दहा-बारा वर्षांच्या मुलाची धाव आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाची फेक यांची अटीतटीची शर्यत लागते, आणि बेसबॉलची सगळी मजा त्या अर्ध्या सेकंदात असते. मोठ्यांच्या मैदानावर लहान मूल पळून पळून दमतं. ना त्याला खेळ कळत, ना बघणाऱ्याला.

पुढे बाकीची मापंही अशीच बेतली गेली. डाव नऊऐवजी सहा. चेंडू फेकणारा पिचर मोठ्यांच्यात ६० फूट ६ इंचांवर उभा राहतो. इथं हे अंतर थोडं थोडं वाढवत आता ४६ फूट आहे. चेंडू मात्र मोठ्यांच्या मापाचाच. कपडे शिंप्याकडून मापात करून आणावेत तसं स्टॉट्झनं हे मैदान मुलांच्या अंगाला बसवलं, आणि माझ्या मते त्याची खरी हुशारी इथंच होती. मुलांचा खेळ म्हणजे मोठ्यांच्या खेळाची कमी पैशातली आवृत्ती, ही समजूत त्यानं पहिल्याच उन्हाळ्यात मोडली.

पैशाचं गाडं मात्र लवकर हलेना. गणवेशासाठी कुणीतरी दुकानदार हवा होता. स्टॉट्झनं एकेक दार ठोठावलं आणि ५६ ठिकाणी नकार घेतला. सत्तावन्नावी लायकॉमिंग डेअरी. तिनं ३० डॉलर दिले. बर्ट आणि जॉर्ज बेबल या दोन भावांनी उरलेल्या दोन संघांची जबाबदारी घेतली, एक संघ स्टॉट्झनं स्वतःकडे ठेवला. लीगची घडण आजही हीच आहे. शर्टाच्या पाठीवर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचं किंवा दातांच्या डॉक्टरचं नाव, प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी वडील, आणि खाण्याच्या स्टॉलवर पालकांच्या आळीपाळीनं लागणाऱ्या ड्युट्या. आपल्याकडे मुंबईत मुलांचं क्रिकेट वाढलं ते शाळांच्या जोरावर. हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्डच्या कहाण्या आपल्याला पाठ असतात. लिटल लीगला शाळेशी देणंघेणं नाही. तिचा पाया मोहल्ला. प्रत्येक लीगची हद्द नकाशावर आखलेली असते, आणि मूल त्या हद्दीत राहत असेल किंवा शिकत असेल तरच तिथं खेळू शकतं. चांगली पोरं गोळा करून तगडा संघ बांधायला वाव राहू नये, म्हणून ही हद्द. संघांत मुलांची वाटणीही प्रशिक्षकांनी आळीपाळीनं निवडून करायची असते. शिवाय दर सामन्यात संघातल्या प्रत्येकाला काही वेळ तरी खेळवलंच पाहिजे, असा नियम आहे. बाकावर बसून पाणी वाटणारा बारावा गडी हा आपल्या ओळखीचा जीव. त्याला इथं कायद्याचं संरक्षण आहे.

१९४६ साली १२ लीग होत्या, सगळ्या पेन्सिल्वेनियातच. तीन वर्षांत ३०७ झाल्या. युद्धावरून परतलेले तरुण बाप, उपनगरांत उठणारी नवी घरं आणि मासिकांतून, बातमीपटांतून झालेलं कौतुक, सगळं एकदम जुळून आलं. १९४७ मध्ये विल्यम्सपोर्टला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तीच पुढे लिटल लीग वर्ल्ड सीरीज झाली. युनायटेड स्टेट्स रबर ही बडी कंपनी मदतीला आली. मुलांसाठी रबरी तळाचे बूट तिनं बनवले आणि हळूहळू संस्थेचा कारभारही तिच्या माणसांच्या हातात गेला. स्टॉट्झला ही वाढ पचेना. एकाच गावात, एवढ्या गर्दीपुढे, देशभरातल्या बारा वर्षांच्या मुलांना झुंजवायचं कशाला, असा त्याचा सवाल होता. १९५५ मध्ये त्यानं स्वतः काढलेल्या संस्थेवरच खटला भरला आणि पुढच्या वर्षी तो बाहेर पडला. गावातली मूळ लीग आणि तिचं मैदान तेवढं त्याच्या बाजूनं राहिलं, ‘ओरिजिनल लीग’ या नावानं. १९९२ मध्ये तो वारला तोवर नदीपलीकडच्या वर्ल्ड सीरीजच्या झगमगाटाशी त्यानं फारसा संबंध ठेवला नव्हता.

पण लीगची खरी लाज निघाली ती त्याच १९५५ साली, दक्षिणेत. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीएनं कृष्णवर्णीय मुलांची लीग काढली होती. रीतसर नोंदणी, रीतसर शुल्क. त्यांच्या निवडक संघानं राज्याच्या स्पर्धेसाठी नाव घातलं आणि राज्यातले ६१ गोरे संघ एकजात बाहेर पडले. प्रतिस्पर्धीच नसल्यानं कॅनन स्ट्रीट न खेळताच विजेता ठरला, आणि मग नियमावर बोट ठेवलं गेलं: न खेळता पुढे आलेला संघ वर्ल्ड सीरीजमध्ये खेळू शकत नाही. संस्थेनं या मुलांना विल्यम्सपोर्टला ‘पाहुणे’ म्हणून बोलावलं. गणवेश घालून ती आली, मैदानावर त्यांनी थोडा सराव केला आणि मग त्यांना प्रेक्षकांत बसवलं गेलं. ‘खेळू द्या त्यांना!’ असा गर्दीतून ओरडा झाला. कुणी ऐकला नाही. बाहेर पडलेल्या गोऱ्या संघांनी दक्षिणेत आपली वेगळी संघटना काढली. राज्य विजेतेपदाचा फलक कॅनन स्ट्रीटच्या त्या मुलांना २००२ मध्ये मिळाला. तेव्हा त्यांनी साठी गाठली होती किंवा तिच्या उंबरठ्यावर होती.

मुलींचं प्रकरणही असंच चिघळलं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगच्या कॅथरिन जॉन्स्टन या मुलीनं १९५० साली वेण्या कापल्या, ‘टबी’ असं मुलाचं नाव घेतलं आणि किंग्ज डेअरीच्या संघात जागा मिळवली. प्रशिक्षकाला नंतर खरं कळलं तरी त्यानं तिला खेळू दिलं. पण मुख्यालयानं लगेच नियम केला: मुली नकोत. तो तब्बल दोन दशकं टिकला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये मरिया पेपे तीन सामने खेळली, तेव्हा लीगची मान्यता काढून घेण्याची धमकी आली आणि तिला शर्ट परत करावा लागला. होबोकन म्हणजे बेसबॉलच्या अगदी सुरुवातीच्या सामन्यांचं गाव, हे विशेष. एका स्त्रीवादी संघटनेनं राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार केली. तिथं संस्थेच्या बाजूनं उभे राहिले शरीरशास्त्रज्ञ क्रेटन हेल. फलंदाजाच्या दोन्ही कानांवर येणारं हेल्मेट घडवणारा, मुलाला चेंडू दिसून बॅट हलवायला किती वेळ लागतो हे मोजणारा हा माणूस. मुलींची हाडं कच्ची असतात, असं सांगत होता. सुनावणी घेणाऱ्या सिल्व्हिया प्रेसलर यांनी ते मानलं नाही. १९७४ मध्ये दारं उघडली, अमेरिकी संसदेनं संस्थेच्या सनदेतला शब्दही बदलला. पेपेचं वय तोवर उलटून गेलं होतं. पुष्कळ वर्षांनी हेल तिला भेटले तेव्हा म्हणाले, माझी नात खेळते. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसनं वर्ल्ड सीरीजमध्ये पिचर म्हणून प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता सामना जिंकून दिला. असं करणारी ती पहिली मुलगी.

परदेशी संघांनी तर अमेरिकेची झोपच उडवली. १९५७ मध्ये मेक्सिकोच्या मॉन्तेरेची किडकिडीत, गरीब घरची पोरं सीमेवरचा पूल पायी ओलांडून टेक्सासमध्ये शिरली आणि जिंकत जिंकत विल्यम्सपोर्टला पोहोचली. अंतिम सामन्यात आन्हेल मासियासनं कॅलिफोर्नियाच्या ला मेसा संघाचे १८ च्या १८ फलंदाज बाद केले. एकालाही बेस गाठू दिला नाही. वर्ल्ड सीरीजच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम पुन्हा कुणी केलेला नाही. मग तैवान आलं. १९६९ ते १९९६ या काळात त्यानं १७ विजेतेपदं नेली. वैतागून संस्थेनं १९७५ साली परदेशी संघांनाच वर्षभर घरी बसवलं. हे पोरकटपणाचं लक्षण, आणि पोरांनी केलेलं नव्हे.

लबाड्याही झाल्या, त्याही मोठ्यांच्याच. १९९२ चं विजेतेपद फिलिपिन्सच्या झाम्बोआंगा शहराकडून काढून घेतलं गेलं. हद्दीबाहेरची आणि वयानं मोठी मुलं संघात होती. २००१ मध्ये ब्राँक्सच्या संघातला गाजलेला पिचर बाराचा नसून चौदाचा निघाला. २०१४ मध्ये शिकागोच्या जॅकी रॉबिन्सन वेस्ट या संघानं अमेरिकी विजेतेपद मिळवलं, ते पुढच्या वर्षी हद्दीच्या नियमावरून गेलं. तिन्ही वेळा जन्मदाखल्यांचे आणि नकाशांचे खेळ प्रौढांनी केले आणि अपमान मुलांच्या वाट्याला आला. वर टीव्हीचा पैसा: ईएसपीएन वाहिनीचा २०१३ मधला करार आठ वर्षांसाठी ७ कोटी ६० लाख डॉलरचा होता. खेळणाऱ्या मुलांना अर्थातच दमडी मिळत नाही. स्टॉट्झची भीती अनाठायी होती, असं आज कुणी म्हणू शकणार नाही.

तरीही संस्थेच्या बाजूनं एक गोष्ट मांडली पाहिजे. मुलाच्या अंगाचं माप घ्यायची मूळची सवय तिनं सोडलेली नाही. कोवळ्या वयात सारखा चेंडू फेकून कोपर कायमचं बिघडतं, हे डॉक्टर सांगू लागले तेव्हा २००७ पासून तिनं पिचरच्या फेकी मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलानं दिवसाला ८५ च्या वर चेंडू फेकायचे नाहीत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त फेकले तर चार दिवस हात उचलायचा नाही. अंतिम सामना असो, टीव्ही असो, मोजणारा थांबवतो. संस्थेला आज खरं आव्हान आहे ते खासगी संघांचं. पालकांनी हजारो डॉलर मोजायचे, दर शनिवार-रविवारी राज्याराज्यांतून मुलांना फिरवायचं, आणि गल्लीतली लीग ओस पडू द्यायची, असा तो मामला आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांतही हा खर्च आता ओळखीचा झाला आहे. माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं गल्लीतली लीगच बरी. मूल तिथं हमखास खेळतं, आणि बापालाही चुन्यानं रेषा मारायचं काम मिळतं.

दर ऑगस्टमध्ये वर्ल्ड सीरीज साउथ विल्यम्सपोर्टच्या लमाड मैदानावर भरते. बाहेरच्या कुंपणामागं गवताची टेकडी आहे. सामना चालू असताना मुलं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बसून तिच्यावरून घसरत असतात, आणि ज्यांचा सामना नाही त्या संघांचे खेळाडूही त्यांत असतात. उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे न्यू जर्सीला मुक्काम असेल तर मोटारीनं साधारण तीन-साडेतीन तासांची वाट आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. नातवंडांना घेऊन जा, पुठ्ठा घरूनच न्या, आणि सामन्याच्या बरेच आधी पोहोचा. टेकडीवरची सावलीची जागा लवकर भरते.