जुनं मशीन, नवा कटर आणि न वाकणारी मालदांडी

कंबाइन हार्वेस्टरच्या पोटात गहू गेला काय नि सोयाबीन गेलं काय, आतलं काम तेच. ड्रमनं झोडायचं, चाळणीनं गाळायचं, पंख्यानं उफणायचं. खरा फरक तोंडाशी पडतो. शेंग घोट्याला लागते की कणीस माणसाच्या डोक्यावर डुलतं, हे पुढच्या हेडरनं, म्हणजे रानात ज्याला सरसकट ‘कटर’ म्हणतात त्यानं, सांभाळायचं असतं. म्हणून मशीन जुनं झालं तरी मालक ते भंगारात घालत नाही, तोंड तेवढं बदलायला बघतो.

सोलापूर जिल्ह्यात ही मशीनं बहुतेक उत्तरेतून येतात. राजस्थानातल्या सुरतगडच्या सरकारी फार्मवर १९५६ साली सोव्हिएत कंबाइन आली. पंजाब ट्रॅक्टर्सनं १९८० मध्ये ‘स्वराज’ नावानं स्वतःच्या चाकांवर चालणारं देशी हार्वेस्टर बाजारात आणलं. पुढं नाभा, भादसों या गावांत कारखान्यांची रांगच लागली. पंजाबचे चालक ऑक्टोबरात सोयाबीन आणि फेब्रुवारी-मार्चात गहू-हरभरा काढायला महाराष्ट्रात उतरतात आणि वैशाखीच्या सुमाराला आपल्या गव्हासाठी परत फिरतात.

या मशीनच्या कटरची रुंदी साधारण १४ फूट. तो लावून पाणंदीतून जाताच येत नाही, त्यामुळं तो सोडवून मागं गाडीवर लांबीत बांधून नेतात. म्हणजे सुटणारा कटर ही मूळचीच सोय. एका मशीनचा कटर दुसऱ्याला लावायचा विचार मनात येतो तो यातूनच, आणि बाजारात जुना कटर स्वस्तात मिळाला की तो विचार आवरत नाही.

पण आकड्यात आकडा अडकला म्हणजे कटर बसला, असं नाही. आधी मशीनचा गळा, म्हणजे पीक आत घेणारं फीडरचं तोंड, मोजावा लागतो. कापलेलं पीक ऑगर मधोमध आणतो आणि तिथून फीडरची साखळी ते वर ओढते. जुन्या मशीनचा गळा नव्या कटरच्या तोंडापेक्षा अरुंद निघाला, तर पीक दोन्ही कोपऱ्यांत तुंबतं. मग ऑगरच्या पात्याला दोन्ही बाजूंनी वळणदार पट्टी वेल्डिंगनं वाढवून माल आणखी आत ढकलावा लागतो. मापं जुळवायला मधे जोडचौकट घातली की कटर तेवढा पुढं सरकतो. या सरकलेल्या इंचांकडं दुर्लक्ष करणारे पुढं पस्तावतात. वजन पुढं गेलं की उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरवर ताण येतो आणि मागची चाकं हलकी होतात. हार्वेस्टर वळतं मागच्या चाकांवर. ती बांधावर अधांतरी झाली, तर स्टीअरिंग फिरवून उपयोग नाही. मागं वजन बांधणं हा त्यावरचा साधा इलाज, पण तो आधी करायचा, नंतर नव्हे.

मग फेऱ्यांचा हिशेब. समजा जुन्या मशीनचा शाफ्ट मिनिटाला ४०० फेऱ्या देतो आणि कटरला ५०० हव्यात. मशीनकडची पुली १० इंची असेल, तर कटरकडं ८ इंची बसवावी लागेल. फिरण्याची दिशा उलटी असेल तर नुसत्या पुलीनं भागत नाही. पातं मंद चाललं की झाड कापलं न जाता चघळलं जातं. पीक पात्याकडं ओढणारी रील फार जोरात फिरली की सोयाबीनच्या शेंगा कटरच्या पुढंच फुटतात. हे दाणे टाकीत कधी दिसत नाहीत, मातीत दिसतात. लेथवाला पुली करून देईल, पण खाली वाकून माती बघायचं काम मालकाचंच.

हरभऱ्यानं मात्र ही सगळी कारागिरी हरवली होती. घाटे इतके खाली की पातं भेगाळलेल्या काळ्या रानाला टेकवून चालवावं लागे, आणि धान्याबरोबर ढेकळंही आत जात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं उलट्या बाजूनं वाट काढली. ‘फुले विक्रम’ हा उभट, उंच वाण आला, त्याचे घाटे जमिनीपासून सुमारे फूटभर वर लागतात. कटर तोच राहिला, बदललं झाड.

हीच युक्ती अमेरिकेनं ज्वारीवर कधीच केली होती.  ओक्लाहोमातल्या वुडवर्ड केंद्रानं ज्वारी ठेंगणी केली. १९३१चा ‘व्हीटलँड’ हा वाण गव्हाच्याच कंबाइननं काढता येईल अशा बेतानं तयार झाला. आणि त्याच १९३०च्या दशकात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला मालदांडी ज्वारीतून ३५-१ या वाणाची निवड झाली. एकीकडं मशीनसाठी ताट आखूड केलं, दुसरीकडं ताट उंचच ठेवलं. मला यात मोहोळचं मागासलेपण दिसत नाही. अमेरिकेत मोजणी दाण्याची होती, इथं दाण्याची आणि कडब्याची.

सोलापुरात कडबा शेकड्यावर विकला जातो आणि दुष्काळाच्या साली तो ज्वारीला मागं टाकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते दाण्याच्या चवीला. पण घरचा हिशेब गोठ्यातही होतो. हार्वेस्टरनं ताट आत ओढलं की कडब्याचा चुरा होऊन मागं पडतो. त्याच्या पेंढ्या कशा बांधणार? कटर उंच धरून नुसती कणसं घ्यावीत, तर मालदांडी सात-आठ फुटांवर जाते आणि गव्हाचा कटर तेवढा उचलत नाही. उचलला तरी उभी ताटं पुन्हा माणसं लावून काढायचीच. वर वाऱ्यानं ज्वारी लोळलेली असली तर बोलायलाच नको.

त्यामुळं मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आजही ज्वारी मुळासकट उपटतात, वाळवतात, मग कणसं मोडतात. मळणी तेवढी कधीच यंत्राकडं गेली. उपटणीला माणूस मिळेना, मजुरी वाढली, तशी ज्वारीचं रान मोडून हरभरा, मका करणारे वाढले. मक्याला ओळीतून ताट खेचून कणीस तोडणारा वेगळा कटर लागतो. तो जुन्या मशीनला लावताना वजनाचा प्रश्न गव्हापेक्षाही बिकट होतो, आणि शेतकऱ्यानं पेरलेलं ओळींचं अंतर कटरच्या अंतराशी जुळलं नाही, तर पुली कितीही अचूक असो, अर्धी कणसं रानातच राहतात. ते जमवायचं तर पेरणीच्या दिवशीच, टिफणीचं अंतर लावताना.